बॉल ज्याच्या हातात, खेळ त्याच्या हातात

अमेरिकेत सरकारी कामकाज बंद पडल्याची बातमी आली की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न ठरलेला असतो. न्यू जर्सीतला भाचा लिहितो, “सिनेटमध्ये अडकलंय.” मग इकडून कोणीतरी विचारतं, “अरे, बहुमत आहे ना? मग अडकतं कसं?” भाच्याने एकदा उत्तर दिलं, “मावशी, तिथे एकटा माणूससुद्धा गाडं अडवू शकतो.” त्यावर ग्रुपवर अर्धा तास कोणाचा विश्वास बसला नव्हता.

पण ते खरं आहे. मला ते नीट समजलं ते एका बेसबॉलपटूमुळे. जिम बनिंग हे त्याचं नाव. एका रविवारी न्यूयॉर्कमध्ये त्याने समोरच्या संघातल्या एकालाही पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर, पाय ठेवू दिला नाही. त्यानंतर ४६ वर्षांनी वॉशिंग्टनमध्ये त्याच माणसाने आख्खं सिनेट अडवून धरलं, तेही जवळजवळ एकट्याने. दोन्ही समजून घ्यायला आधी थोडं मैदानात जावं लागेल.

पिचर करतो काय?

बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. तो आपल्या गोलंदाजासारखा, पण धावत येत नाही आणि टप्पाही देत नाही. मातीच्या एका उंचवट्यावर उभा राहून साडेसाठ फुटांवरच्या फलंदाजाकडे थेट हवेतून चेंडू सोडतो. (आपली खेळपट्टी ६६ फुटांची, म्हणजे अंतरात फार फरक नाही.) फलंदाजाच्या मागे स्टंप नसतात. गुडघ्यापासून छातीपर्यंतची एक काल्पनिक चौकट असते. चौकटीतून गेलेला किंवा फलंदाजाने बॅट फिरवूनही हुकलेला चेंडू म्हणजे ‘स्ट्राइक’. असे तीन झाले की फलंदाज बाद. चौकटीबाहेरचे चार चेंडू त्याने सोडून दिले, तर त्याला पहिला बेस फुकट मिळतो. आपल्याकडे वाइडची धाव मिळते, तसंच काहीसं.

तीन बाद झाले की डाव पलटतो आणि असे नऊ डाव होतात. नऊ गुणिले तीन, म्हणजे २७ बळी.

या खेळात पिचरने हात हलवल्याशिवाय काहीच घडत नाही. आठ क्षेत्ररक्षक, फलंदाज, पंच, स्टँडमधले हजारो लोक, सगळे त्याच्या हाताकडे बघत थांबलेले असतात. त्याने बॉल धरून ठेवला, तर खेळ थांबलेला असतो. पुढे सिनेटच्या भानगडीत शिरू तेव्हा हे आठवायचं आहे.

बनिंगची फेक दिसायला बेढब होती. हात डोक्यावरून न येता बाजूने यायचा आणि चेंडू सुटल्यावर तो डावीकडे इतका झुकायचा की डाव्या हातातला ग्लोव्ह जमिनीला टेकायचा. पाहणाऱ्याला वाटावं, हा आता पडणार. पण त्या झुकण्यातूनच त्याचा चेंडू उजव्या हाताच्या फलंदाजाला पाठीमागून आल्यासारखा वाटायचा आणि ऐन वेळी बाहेर सरकायचा.

‘परफेक्ट गेम’ म्हणजे किती परफेक्ट?

पिचरने २७ फलंदाजांना तोंड दिलं आणि सत्तावीसच्या सत्तावीस बाद झाले, तर तो परफेक्ट गेम. कोणी फटका मारून बेसवर पोहोचायचं नाही, कोणाला फुकट बेस मिळायचा नाही, आणि आपल्याच क्षेत्ररक्षकाच्या हातून झेल किंवा फेक सुटूनही कोणी पोहोचायचं नाही.

क्रिकेटमध्ये याच्या जवळचं काय, असा विचार केला की एजाझ पटेल आठवतो. मुंबईत जन्मलेल्या या पोराने न्यूझीलंडकडून खेळताना २०२१ मध्ये वानखेडेवर आपले दहाच्या दहा गडी घेतले. पण त्यात ११९ धावा गेल्या होत्या. परफेक्ट गेम म्हणजे एकाच गोलंदाजाने सगळी षटकं टाकायची, समोरचा संघ शून्यावर बाद करायचा, आणि त्यात एक वाइड, एक नोबॉल, एक बाय, एक ओव्हरथ्रोसुद्धा द्यायचा नाही.

मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेच्या, दीडशे वर्षांच्या इतिहासात दोन लाखांहून जास्त सामने झाले. त्यात २०२३ पर्यंत असे सामने झाले फक्त २४.

२१ जून १९६४

तो रविवार होता आणि अमेरिकेतला ‘फादर्स डे’. बनिंग ३२ वर्षांचा, सात मुलांचा बाप (पुढे नऊ झाली). फिलाडेल्फिया फिलीज या संघाकडून त्याचं ते पहिलंच वर्ष. समोर न्यूयॉर्क मेट्स, आणि मैदान त्याच वर्षी उघडलेलं शे स्टेडियम. पत्नी मेरी आणि थोरली मुलगी बार्बरा स्टँडमध्ये बसलेल्या.

बेसबॉलमध्ये एक अंधश्रद्धा अगदी घट्ट आहे. पिचर असं काही करत असेल, तर त्याच्याशी त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. सहकारी त्याच्या शेजारीही बसत नाहीत. आपल्याकडे फलंदाज ९९ वर असताना टीव्हीसमोरची जागा सोडायची नाही म्हणतात, तसंच. बनिंगने हे सगळं धाब्यावर बसवलं. डगआउटमध्ये तो सगळ्यांशी त्याबद्दलच बडबडत होता: अजून इतके राहिलेत, जरा झेपा घ्या, काही सुटू देऊ नका. पाचव्या डावात टोनी टेलरने खरोखरच झेप घेऊन एक सणसणीत फटका अडवला आणि धडपडत पहिल्या बेसकडे फेकला. तो सुटला असता, तर आज मी हा लेख लिहीत नसते.

नवव्या डावात त्याने कॅचर गस ट्रायंडोसला जवळ बोलावलं. कॅचर म्हणजे फलंदाजामागे बसणारा, आपल्या यष्टिरक्षकासारखा. त्याला वाटलं, काही डावपेच असेल. बनिंग म्हणाला, एखादा विनोद सांग. ट्रायंडोसला एकही आठवेना. तो नुसता हसला आणि परत जाऊन बसला. त्यानंतर शेवटचे दोघे स्ट्राइकवर बाद झाले. ९० चेंडूंत काम आटोपलं. नॅशनल लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) १८८० नंतर, म्हणजे ८४ वर्षांनी, असा सामना झाला होता, आणि शेवटी मेट्सचेच प्रेक्षक पाहुण्या पिचरसाठी ओरडत होते.

शे स्टेडियम आता नाही. ते पाडून शेजारी सिटी फील्ड बांधलं आणि जुन्या मैदानाच्या जागी पार्किंग झालं. भाच्याकडे गेले होते तेव्हा सामन्याआधी तिथे फिरले. पिचर जिथे उभा राहायचा ती जागा आणि बेसच्या जागा डांबरात खुणा बसवून जपल्या आहेत. लोक त्यांवरून सहज गाड्या नेतात. पिचरच्या खुणेपासून काही पावलांवर एक कुटुंब गाडीच्या डिकीतून सँडविच काढून खात होतं.

एका दिवसाचा हिरो?

परफेक्ट गेम टाकलेल्या काहींची बाकीची कारकीर्द अगदी सामान्य आहे, त्यामुळे ही शंका रास्त आहे. बनिंगचं तसं नाही. १९५५ ते १९७१ अशी सतरा वर्षं तो खेळला, सुरुवातीची बरीचशी डेट्रॉइटकडून. २२४ विजय, १८४ पराभव. २,८५५ फलंदाज स्ट्राइकवर बाद. तो निवृत्त झाला तेव्हा या यादीत त्याच्या पुढे एकटा वॉल्टर जॉन्सन होता. (जॉन्सननेही १९४० मध्ये मेरीलँडमधून संसदेची निवडणूक लढवली होती आणि तो पडला. पिचरांना हा किडा असावा.)

मेजर लीगचे दोन भाग आहेत, अमेरिकन आणि नॅशनल. तेव्हा हे दोघे अंतिम मालिकेशिवाय एकमेकांशी फारसे खेळत नसत. त्यामुळे एकातून दुसऱ्यात जाणं म्हणजे सगळे फलंदाज नव्याने ओळखणं. दोन्ही लीगमध्ये प्रत्येकी शंभर विजय आणि हजार स्ट्राइकआउट, हे साय यंग या जुन्या पिचरनंतर बनिंगनेच केलं.

तरीही त्याच्या संघांच्या वाट्याला अंतिम विजेतेपद आलं नाही. १९६४ चाच शेवट पाहा. १२ सामने उरलेले असताना फिलीज साडेसहा सामन्यांनी पुढे होते. मग सलग दहा हरले. घाबरलेल्या व्यवस्थापकाने बनिंगला पुरेशी विश्रांती न देता पुन्हा पुन्हा उतरवलं. पिचरच्या खांद्याला तीन-चार दिवस लागतातच, आणि दोन दिवसांत तो पुन्हा उभा केला की चेंडूतला जीव जातो. फिलीज एका सामन्याने मागे राहिले. फिलाडेल्फियातल्या म्हाताऱ्यांसमोर हा विषय अजूनही काढू नये.

हॉल ऑफ फेमचं, म्हणजे बेसबॉलच्या सन्मानदालनाचं, दारही त्याच्यासाठी लवकर उघडलं नाही. तिथे क्रीडापत्रकारांची ७५ टक्के मतं लागतात. १९८८ मध्ये त्याला ४२७ पैकी ३१७ मिळाली. चार मतं कमी. अखेर १९९६ मध्ये ज्येष्ठांच्या समितीने त्याला घेतलं. सत्काराच्या भाषणात आभार मानून झाल्यावर बनिंगने संघमालकांनाच सुनावलं की गेली चार वर्षं तुम्ही खेळाला आयुक्त नेमलेला नाही, आधी घर सावरा. माणूस असा होता.

युनियन उभारणारा रिपब्लिकन?

इथे बरेच जण गोंधळतात. बनिंग राजकारणात अगदी कट्टर उजव्या बाजूचा. सरकारी खर्च, कर, कामगार संघटना, सगळ्यांवर त्याचा राग. आणि अमेरिकेतल्या सर्वांत ताकदवान संघटनांपैकी एक उभी करण्यात त्याचा हात!

साठच्या दशकात खेळाडू म्हणजे मालकांची मालमत्ता. संघ सोडायची मुभा नाही, किमान पगार वर्षाला सहा हजार डॉलर. पेन्शनच्या हिशेबावरून खेळाडू बेचैन होते. बनिंग आणि रॉबिन रॉबर्ट्स हे त्यांच्या प्रतिनिधींमधले पुढारी. संघटनेला पूर्णवेळ प्रमुख हवा म्हणून त्यांनी शोध घेतला आणि पोलादकामगारांच्या युनियनमधले अर्थतज्ज्ञ मार्विन मिलर यांना १९६६ मध्ये आणलं. दोन वर्षांत किमान पगार दहा हजारांवर गेला. पुढच्या दशकात तर मिलर यांनी मालकांची पूर्ण मक्तेदारी मोडली.

मग हा विरोधाभास नाही का? मला वाटतं, बनिंगच्या डोक्यात नव्हता. आपण घाम गाळून जे कमावलं ते मालकाने द्यावं, यासाठी तो भांडत होता. सरकारने कर्ज काढून कोणाला पैसे देणं हा त्याच्या लेखी वेगळाच मामला. हा फरक तुम्हाला पटो न पटो, त्याच्या नंतरच्या वागण्याची गुरुकिल्ली यातच आहे.

निवृत्तीनंतर काही वर्षं त्याने छोट्या लीगमध्ये संघ सांभाळले. मग १९७७ मध्ये केंटकीतल्या फोर्ट थॉमस या गावाच्या नगरपरिषदेवर निवडून आला, तिथून राज्याच्या सिनेटवर. १९८३ ला गव्हर्नरपदासाठी उभा राहून हरला. १९८७ पासून बारा वर्षं देशाच्या कनिष्ठ सभागृहात, आणि १९९९ पासून आणखी बारा वर्षं सिनेटमध्ये. आपल्याकडे महाराष्ट्राच्या रणजी संघातून खेळलेले चेतन चौहान अमरोह्यातून खासदार झाले, पण इतकी सलग पंचवीसेक वर्षं राजकारण करणारा खेळाडू विरळाच.

सिनेट म्हणजे सोसायटीची मीटिंग

अमेरिकेच्या सिनेटमध्ये शंभर सदस्य, प्रत्येक राज्याचे दोन. आपल्याकडे कोणत्या विधेयकाला किती वेळ द्यायचा ते कामकाज सल्लागार समिती ठरवते आणि अध्यक्ष ‘होय’चा आवाज मोठा की ‘नाही’चा ते ऐकून निकाल देतात. एकट्याने ‘नाही’ म्हटल्याने काही अडत नाही. सिनेटची रीत वेगळी आहे. तिथले लेखी नियम इतके किचकट आहेत की ते पाळत बसलं तर साधं काम उरकायलाही आठवडा जाईल. म्हणून रोजचं बरंचसं कामकाज सर्वसंमतीवर चालतं.

सर्वसंमती म्हणजे आपल्या हाउसिंग सोसायटीच्या सभेत होतं ते. सेक्रेटरी घाईघाईने वाचतात, “मागील सभेचे इतिवृत्त, मंजूर?” सगळे मोबाइलमधून मान न उचलता म्हणतात, “मंजूर, मंजूर.” चहा-बिस्किटांपर्यंत पोहोचायचं असतं. आणि मग मागच्या खुर्चीवरून एक काका उठतात, “माझा आक्षेप आहे.” झालं! आता प्रत्येक पान वाचा, प्रत्येक खर्चाची पावती काढा, मतदान घ्या.

सिनेटमध्ये त्या काकांचे दोन शब्द इतकेच: ‘आय ऑब्जेक्ट’, म्हणजे ‘मी हरकत घेतो.’ ती आली की लांबचा रस्ता धरावा लागतो. चर्चा थांबवायचा प्रस्ताव आणायचा, मध्ये एक दिवस थांबायचं, मग ६० मतं मिळवायची, त्यानंतरही तीस तासांपर्यंत चर्चा होऊ शकते. म्हणजे एकटा सदस्य विधेयक पाडू शकत नाही, पण त्याचा वेळ खाऊ शकतो. आणि मुदत आज रात्री संपत असेल, तर वेळ खाणं म्हणजे पाडणंच. भाच्याला हे इतकं नीट सांगता आलं नव्हतं, पण तो चूक नव्हता.

फेब्रुवारी २०१०: बॉल सोडायला नकार

मंदीचे दिवस. बेरोजगारांचा भत्ता २८ फेब्रुवारीला संपणार होता. त्याला महिनाभर मुदतवाढ देणारं, रस्तेबांधणी वगैरे आणखी काही खर्च जोडलेलं सुमारे दहा अब्ज डॉलरचं विधेयक कनिष्ठ सभागृहाने झटकन मंजूर केलं. सिनेटमध्येही ते सर्वसंमतीने जाईल, असं सगळ्यांनी धरलं होतं. ७८ वर्षांच्या बनिंगने हरकत घेतली.

त्याचं म्हणणं एकच. खर्च करा, पण त्याचे पैसे आधीच्या मदत-निधीतल्या शिल्लक रकमेतून द्या, नवं कर्ज काढू नका. नव्या खर्चाची तरतूद आधी दाखवा असा कायदा याच महिन्यात झाला होता, याची तो आठवण करून देत होता. बहुमतातल्या डेमोक्रॅटिक पक्षाने विनंती केली, हरकत. पुन्हा विनंती, पुन्हा हरकत. सभा मध्यरात्रीकडे सरकली. एकाने बेरोजगारांची बाजू मांडली तेव्हा बनिंग बसल्या जागी एक शिवीवजा शब्द पुटपुटला, ज्याचा अर्थ ‘त्यांचं नशीब’ असा होतो. तो दुसऱ्या दिवशी सगळीकडे छापून आला. सोमवारी परिवहन खात्याच्या सुमारे दोन हजार कर्मचाऱ्यांना बिनपगारी घरी बसवावं लागलं.

मंगळवारपर्यंत त्याच्याच पक्षातल्या सुसान कॉलिन्स विधेयकाच्या बाजूने उभ्या राहिल्या. तेव्हा बनिंग एका तडजोडीवर थांबला: माझ्या दुरुस्तीवर मतदान घ्या. दुरुस्ती पडली आणि विधेयक ७८ विरुद्ध १९ मतांनी मंजूर झालं. ओबामांनी त्याच रात्री सही केली.

पण मुद्दा तर बरोबर होता ना?

असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. घर चालवणाऱ्याला ‘खर्च करायचा तर पैसे कुठून आणणार ते सांग’ हे पटतंच. माझी अडचण दोन ठिकाणी आहे. बुश यांच्या काळातल्या मोठ्या करकपातीला याच बनिंगने पाठिंबा दिला होता, आणि त्या पैशांची भरपाई तेव्हा त्याने मागितली नव्हती. दुसरं म्हणजे, हिशेबाचा आग्रह धरायला त्याने निवडलं ते अगदी ज्यांच्या खिशात आठवड्याचेच पैसे होते त्यांचं विधेयक.

काही जण सगळं खापर त्याच्या वयावर आणि विक्षिप्तपणावर फोडतात. तो विक्षिप्त होता यात शंका नाही. २००४ मध्ये प्रतिस्पर्धी सद्दाम हुसेनच्या मुलासारखा दिसतो म्हणाला. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग नऊ महिन्यांत जातील असं २००९ मध्ये जाहीर सांगितलं आणि मग माफी मागितली. त्या आणखी अकरा वर्षं जगल्या. ‘टाइम’ मासिकाने त्याला देशातल्या पाच सर्वांत वाईट सिनेटरांत बसवलं. पण नुसता विक्षिप्तपणा म्हणून सोडून दिलं, तर मूळ प्रश्न निसटतो. नियम तोच आहे. बनिंग गेला, त्याच्या जागी केंटकीतून रँड पॉल आले आणि हरकत घेण्यात तेही मागे नाहीत.

आणि हा अधिकार फक्त वाईट कामाला लागतो असंही नाही. घाईघाईने सरकवलेलं विधेयक त्या एका काकांमुळे वाचलं जातं. सोसायटीतल्या पावत्यांतली गडबड बहुतेक वेळा तेच शोधतात. फक्त त्यांच्याशी कोणी लिफ्टमध्ये बोलत नाही.

बनिंग २०१७ मध्ये ८५ व्या वर्षी गेला. त्या फेब्रुवारीतल्या रात्रीची एक नोंद मात्र कामकाजाच्या वृत्तांतात कायमची आहे. तास उलटत होते, डेमोक्रॅट एकामागून एक उठून विनंती करत होते. तेव्हा बनिंगने उभं राहून तक्रार केली की मलाही या सगळ्याचा त्रास होतोय: रात्री नऊला केंटकी विरुद्ध साउथ कॅरोलायना हा बास्केटबॉलचा सामना सुरू झाला, त्या मोसमात केंटकीला हरवणारा तोच एकमेव संघ, आणि माझा तो सामना बुडाला. मग तो खाली बसला आणि पुढच्या विनंतीला पुन्हा हरकत घेतली.